भिंत माह्यावाली, हवा तुमच्यावाली

माझ्या हातून आयुष्यात मूर्खपणाचे प्रकार पुष्कळ झाले. लग्नात हातातला हार मी नवरदेवाच्या मामाच्या गळ्यात घालणार होते. मामा चपळ म्हणून वाचला. नोकरीच्या पहिल्या दिवशी शाळा समजून पंचायतीच्या कोंडवाड्यात शिरले आणि दोन म्हशींनी माझं स्वागत केलं. पण ते सगळे कोवळ्या वयातले, माफ करण्याजोगे. खरा मूर्खपणा मी चांगली पिकलेली, पंचावन्न वर्षांची तरुणी असताना केला. भाड्याच्या घराची ओली भिंत मी स्वतः गवंडी लावून कोरडी करून घेतली.

यात मूर्खपणा कसला, असं तुम्ही म्हणाल. मीही तेव्हा तेच म्हणत होते, आणि आख्ख्या मारेगावाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणत होते. त्यासाठी आधी तुम्हाला आमचे घरमालक सांगायला हवेत.

दर रविवारी सकाळी, चहाची भांडी घासून होतात न होतात तोच, जिन्यावरून काठीचा ठकठक आवाज खाली यायचा आणि दाराबाहेरून हाक यायची:

"फिर्यादी घरात हाये का?"

फिर्यादी म्हणजे मी. आणि हाक मारणारे ते आरोपी. शिवाय न्यायाधीशही तेच.

त्यांचं नाव धनसिंग. सगळे त्यांना नायकजी म्हणत. बंजारा समाजाचे. पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर फिरणारे. पुढं तांडा करून जंगलाच्या कडेला स्थिरावले, शेती करू लागले. तांड्याचा प्रमुख तो नायक. नायकजींचे वडील नायक, आजा नायक, आणि हे स्वतःही नायक. मुलं शिकून पुण्याकडे गेली, बायको वारली, गुडघे दुखायला लागले, तेव्हा दवाखाना जवळ असावा म्हणून मारेगावात बांधलेल्या घराच्या वरच्या मजल्यावर येऊन राहिले. खालचा मजला भाड्यानं द्यायचा. माझी मारेगावच्या शाळेत बदली झाली आणि आम्ही नवराबायको तो बघायला गेलो.

भाडेकरूला घरमालक काय विचारतात ते मला पाठ होतं. माणसं किती, पाहुणे किती, मटण करता का. नायकजींनी यातलं काहीच विचारलं नाही. माझ्याकडे निरखून पाहत म्हणाले, "झगडा करता येते का तुमाले?"

मी अंगावरचा पदर सावरला आणि अभिमानानं सांगितलं, "छे हो! आमचा आजवर कुणाशी कधी वाद झाला नाही."

त्यांचा चेहरा उतरला. बाजारातून आणलेलं खरबूज घरी येऊन कापावं आणि फिकं निघावं, तसा. "असू द्या," ते म्हणाले, "शिकान तुमी."

पावसाळा लागला आणि मी शिकले.

घराच्या मागच्या भिंतीतून गच्चीचा पाइप खाली उतरला होता आणि तो मधेच सांध्यात फुटला होता. त्यात मागच्या रिकाम्या प्लॉटातली काळी माती सरकत सरकत भिंतीला येऊन टेकलेली. ही माती एकदा पाणी प्यायली की पोळ्यापर्यंत सोडत नाही. आधी मागच्या खोलीच्या कोपऱ्यात तिळाएवढे काळे ठिपके आले. मग त्या ठिपक्यांचे सगेसोयरे आले. मग पोपडे फुगले, त्यांच्यावर हिरवी मखमल चढली, आणि श्रावणापर्यंत ट्रंकेतल्या साड्यांना तळघरासारखा वास सुटला. माझ्या पर्सवर पांढरी लव उगवली. ह्यांच्या कमरेच्या पट्ट्याला तर दाढी फुटली. बाहेर पाऊस, आत अंधार, अंथरूण कायम गार. त्या खोलीत गेलं की उगीचच आपलं काहीतरी हरवलं आहे असं वाटत राहायचं.

मी जिन्यातच नायकजींना गाठलं. "अहो, भिंतीला बुरशी आली आहे!"

त्यांच्या डोळ्यांत जी चमक आली, ती मला तेव्हा समजली नाही. काठी आपटून म्हणाले, "उभ्या उभ्या फिर्याद नसते बाई. रविवारी बसू. दोन्ही बाजू आयकून घेऊ."

आणि रविवारी ते खाली आले. पांढरंशुभ्र धोतर, डोक्यावर लालभडक पागोटं. मागच्या खोलीत समोरासमोर दोन खुर्च्या मांडायला लावल्या. भिंतीजवळ गेले. आजारी पोराच्या कपाळाला लावावा तसा भिंतीला तळहात लावला, थोडा वेळ डोळे मिटले आणि मग खुर्चीत बसले.

"बोला, फिर्यादी."

"नायकजी, तुमच्या भिंतीला..."

"माह्या नाई. मालकाच्या म्हना. मी इथं नायक हावो. मालक थो तिकडं बसते." आणि काठीनं समोरची रिकामी खुर्ची दाखवली.

मी त्या रिकाम्या खुर्चीकडे बघून सगळी तक्रार सांगितली. पाइप, माती, साड्या, पट्टा. तेव्हाची मी अशी होते बघा: शाळेत पोरांना दरडावणारी, आणि इथं एका खुर्चीपुढं हात जोडून उभी.

नायकजी खवळले. रिकाम्या खुर्चीवर काठी रोखून ओरडले, "काहून रे धनसिंग? बाईच्या घरात बुरशी, अन् तू वर कंबल घेऊन झोपून राह्यला? लाज नाई वाटत तुले?"

मी मनातल्या मनात टाळी वाजवली. तोवर ते उठले, पागोटं उतरवलं, समोरच्या खुर्चीत जाऊन बसले आणि पागोटं गुडघ्यावर ठेवून पार वेगळ्या, पडेल आवाजात बोलू लागले:

"लाज वाटते नायकजी. पन माही बाजू आयका. भिंत म्हंजे काय, माती अन् इटा. त्यात बुरशी कायले होईन? बुरशी हवेत होते, भिंतीवर फकत येऊन बसते. भिंत माह्यावाली, हवा तुमच्यावाली... म्हंजे बाईवाली. बाई खिडकी उघडत नाई. ओले लुगडे घरातच दोरीवर टाकते. कुकरच्या शिट्ट्या मी वरतून आयकून राह्यलो, थे सारी वाफ जाते कुठं? अंगात तं कोनाच्या जात नाई!"

मला असा संताप आला! संताप आला, कारण सगळं खरं होतं. डासांच्या भीतीनं मी खिडकी उघडत नव्हते आणि पावसात कपडे दुसरीकडे वाळवणार कुठं?

पागोटं पुन्हा डोक्यावर चढलं. "साक्षीदार?"

साक्षीदार म्हणजे आमचे हे. वर्तमानपत्रामागं लपले होते. नायकजींनी काठीनं वर्तमानपत्र खाली केलं. "भाऊ, तुमी काय म्हन्ता?"

"मला तर दोघांचंही पटतं," हे म्हणाले. त्या दिवशी ह्यांच्या पोळीला तूप लागलं नाही.

निकाल लागला. अर्धी ओल मालकाची, अर्धी भाडेकरणीची. मालकाला दंड: शेतातली वाळकं आणून देणे. मला दंड: खिडकी उघडणे, कपड्यांची दोरी व्हरांड्यात बांधणे, आणि न्याय करून नायकाला भूक लागते म्हणून आज त्याला ज्वारीची भाकर आणि ठेचा जेवू घालणे.

"आणि पाइप?" मी विचारलं.

"पाइपाचं पुढच्या रविवारी. घाई कायची हाये? झगडा चुलीवरच्या दुधावानी असते बाई. आच वाढवली का उतू जाते."

असे किती रविवार गेले ते मोजणं सोडून द्या. मालकाला दंड होत गेला आणि आम्ही तो खात गेलो. वाळकं, तुरीच्या शेंगा, हरभऱ्याची डहाळी, एकदा तर आख्खं कोहळं. माझ्याकडून भाकरी, पिठलं, झुणका, श्रावणात पुरण. पाइप होता तिथंच होता. मी खिडकी उघडली, दोरी बाहेर नेली, तेव्हा बुरशी जरा ओसरली हे कबूल करायला हवं. पण पाऊस पडला की भिंत पुन्हा घामाघूम.

मी हट्टाला पेटले. वणीला जाऊन एका वकिलाला विचारून आले. त्यानं सांगितलं की पाइप, छत, भिंतीत मुरणारं पाणी हे मालकाचं काम. घर हवेशीर ठेवणं, पाणी गळतंय हे वेळेवर सांगणं हे भाडेकरूचं. रविवारी मी ते विजयी मुद्रेनं वाचल्यासारखं म्हणून दाखवलं. नायकजी हरखून गेले.

"वकील तांड्यातला हाये का तो? आपल्यासारखंच बोलते! भिंत माह्यावाली, हवा तुमच्यावाली, हेच तं मी म्हनून राह्यलो!"

जेवताना ते तांड्यातल्या जुन्या झगड्यांच्या गोष्टी सांगत. त्यातली एक मला अजून आठवते. दोन भावांचा एका बकरीवरून वाद. नायकजींच्या वडिलांसमोर तो चालला. बैठक बसायची, दोघं तावातावानं बोलायचे, एकाच ताटात जेवायचे आणि पुढची तारीख घेऊन घरी जायचे.

"मग निकाल काय लागला?" मी विचारलं.

"निकाल कायचा? बकरी म्हातारी होऊन मेली." नायकजींनी भाकरीचा तुकडा ठेच्यात बुडवला. "पन भाऊ वेगळे नाई झाले."

मी पदरात तोंड घालून हसले. ह्यांना म्हटलं, "ऐकलंत? आपली भिंतही म्हातारी होऊन मरणार."

दुसऱ्या पावसाळ्यात मात्र हसू थांबलं. आमची शिल्पा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. लेकीचं पहिलं बाळंतपण आईच्या घरी. आईचं घर म्हणजे तीन खोल्या, आणि त्यात बाळंतिणीला निजवायची आडोशाची म्हणावी अशी एकच, तीच मागची. चार रात्री तिथं झोपली आणि पोरगी खोकायला लागली. पोटावर हात धरून खोकायची. ते बघवत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, "बाळाला या खोलीत ठेवायचं नाही. आधी भिंत कोरडी करा. नवजात बाळाची छाती ती केवढीशी."

शिल्पाला बाहेरच्या खोलीत आणलं. ती पडल्या पडल्या रविवारची बैठक ऐकायची. एकदा म्हणाली, "आई, आधी काय होईल गं? बाळ, की निकाल?"

त्या दिवशी मी रविवारची वाट पाहिली नाही. मधल्याच वारी वर गेले आणि दारातूनच म्हटलं, "नायकजी, पोरगी अवघडलेली आहे. भिंतीचं काहीतरी करा."

ते तसेच उठले. पागोटं घातलं, माझ्यामागून खाली आले, खुर्च्या मांडल्या. त्या दिवशी नायकानं मालकाला जे झापलं, तसं मी कधी ऐकलं नव्हतं. मग पागोटं उतरलं, मालक समोरच्या खुर्चीत बसला.

"चुकलं नायकजी," तो म्हणाला. "तीजेले तांड्यावर जाऊन राह्यलो. तिथून आलो का पयलं काम हेच."

तीज हा बंजारा मुलींचा श्रावणातला सण. टोपल्यांत गहू पेरतात, रोज पाणी घालतात, नाचतात, गातात, आणि शेवटी त्या उगवलेल्या तीजेचं विसर्जन करतात. तांड्याचा नायक नसेल तर तीज कशी व्हायची? तेव्हा नायकजी पिशवी घेऊन बसस्टँडवर गेले.

मी दारात उभी राहून त्यांची पाठ बघत होते आणि मला आजवरच्या सगळ्या तारखा आठवत होत्या. वाळकं आठवत होती. बकरी आठवत होती. म्हटलं, बस्स. हा म्हातारा माझं नातवंड कोपऱ्यातल्या बुरशीला दंड म्हणून देईल.

देवानंही साथ दिली. पावसानं उघडीप दिली. मी गवंडी बोलावला. पाइप बदलला, भिंतीला टेकलेली माती खणून मागं ओढली, पाण्याला वाट काढून दिली, कुजलेला गिलावा खरवडून नवा केला. मग खिडक्या सताड उघड्या, पंखा रात्रंदिवस, कोपऱ्यात शेगडी. ह्यांनी एकदा चाचरत विचारलं, "नायकजींना कळवावं का? फोन आहे त्यांच्याकडे."

"कळवा ना," मी म्हटलं. "म्हणजे फोनवरच पागोटं घालतील आणि तारीख देतील."

असं बोलायची मी तेव्हा. आणि आपण किती हजरजबाबी, असं वाटायचं.

नायकजी परत आले ते एकटे आले नाहीत. मागं एक माणूस होता, खांद्यावरच्या पिशवीतून थापी डोकावत होती. तांड्यावरून गवंडी घेऊन आले होते! पागोट्यात गव्हाचे पिवळसर हिरवे कोंब खोचलेले, हातात फडक्यात बांधलेली गुळाची ढेप. जिना न चढता सरळ आमच्या दारात. हाकही मारली नाही, आत आले, मागच्या खोलीत गेले आणि सवयीनं भिंतीला तळहात लावला.

तो हात तिथंच राहिला.

"कोनं केलं?"

"मी!" मी म्हटलं. वर्गात पहिली आलेली पोरगी हात वर करते ना, तसं. "तुमच्या तारखांच्या नादी लागले असते तर बाळाचं बारसं बुरशीत झालं असतं. बघा कशी खडखडीत झाली!"

त्यांनी भिंत वरपासून खालपर्यंत पाहिली. "चांगलं केलं," म्हणाले.

"आणि हा गूळ कशाला?"

"तांड्यात निकाल लागला का दोन्ही बाजू एकाच ढेपीचा गूळ खातेत. मंग झगडा संपते."

"आता कशाला हवा गूळ?" मी हसत हसत म्हटलं. "निकाल लागलाच की!"

त्यांच्या गवंड्याला मी चहा दिला. तो बिचारा कशासाठी बोलावलं आणि कशासाठी चाललो हे न कळून बशीत चहा ओतून प्यायला आणि गेला. नायकजींनी ढेप पुन्हा फडक्यात बांधली आणि जिना चढून गेले. काठीचा आवाज नेहमीपेक्षा सावकाश वाटला. मला वाटलं, गुडघे.

त्या रविवारी हाक आली नाही. मला बरंच वाटलं. सोमवारी शाळेत मी शिक्षकांच्या खोलीत नकलेसकट सगळा किस्सा सांगितला. पागोटं काढणं, घालणं, खुर्ची बदलणं, सगळं करून दाखवलं. लोक हसून लोळले. त्याच्या पुढच्या रविवारीही हाक आली नाही. ह्यांनी वर्तमानपत्र वाचून संपवलं, घडी केली, आणि रिकामटेकड्यासारखे जिन्याकडे बघत बसले. मी भाकरी जास्तीची थापली होती, ती संध्याकाळी गाईला घातली.

शिल्पाला मुलगी झाली. कोरड्या खोलीत, उबदार अंथरुणात, छाती कशी स्वच्छ वर-खाली होत होती पोरीची. सगळी आळी बाळ बघून गेली. वरच्या मजल्यावरून कुणी उतरलं नाही. पावसाची पुन्हा झड लागलेली, दिवसभर दिवे लावून बसावं लागे, आणि वर माणूस आहे की नाही तेही कळत नव्हतं.

मग मला राग आला. म्हटलं, एवढा कसला गर्व! एक भिंत न विचारता फोडली तर लेकराचं तोंडही पाहू नये? मी पेढे घेतले, दुपट्यात गुंडाळलेली नात घेतली, आणि तोंडात चांगलं खमंग भांडण तयार ठेवून जिना चढले. दोन पावसाळ्यांत भाडेकरणीला झगडा करता यायला लागला होता.

दार उघडंच होतं. खोलीत खिडकीशी ते बसले होते, डोकं उघडं. पागोटं खुंटीला. त्यांच्या खोलीची भिंत मी इतक्या जवळून पहिल्यांदाच बघत होते. छतापासून खाटेपर्यंत काळी पडली होती. आमची बुरशी तिच्यापुढं तान्हं लेकरू. पोपडे गळून उशीवर पडलेले. त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार कुणाला? मालक तेच, भाडेकरू कुणी नाही.

माझं तयार केलेलं भांडण तोंडातच विरघळलं. मी नातीला त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी दुपट्याची कड बाजूला केली, तिच्या छातीवर तोच तळहात अलगद टेकवला आणि डोळे मिटून ऐकल्यासारखे बसले.

"कोरडी हाये," म्हणाले. "याडीसारखी दिसते." त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई.

मी म्हटलं, "नायकजी, मनात ठेवू नका. माझ्यावर रागावलात ना?"

त्यांनी मान हलवली. नजर पोरीवरच होती.

"राग नाई बाई. तांड्यातले सारे झगडे आता पोलीस ठाण्यात जातेत. तीजेले गेलतो, तं मानसं राम राम करतेत अन् पुढं जातेत; नायक म्हनून कोनी काई सांगाले बसत नाई. माह्यापाशी एक तुमच्यावाली भिंतच राह्यली होती. तिचा निकाल तेवढा माह्या हातानं द्याचा होता मले."